एका कोपऱ्यातले चार कलश

त्या प्लॉटची आठवण अजून अधूनमधून येते, आणि येते ती सकाळच्या धुक्यासकट.

मी तेव्हा कन्नड मुलखात, सर्जापूर रोडच्या बाजूला एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक मराठी इंजिनिअर पत्नीसह तक्रार घेऊन आले. राहता फ्लॅट विकून त्यांनी शहराबाहेर आनेकलकडे प्लॉट घेतला होता. घर बांधून होईपर्यंत म्हणून भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. आता त्या प्लॉटवर दुसऱ्याच कुणाच्या नावाचा बोर्ड लागला होता.

एजंटला बोलावलं. सीमाभागातला, मराठी बोलणारा. ‘आपला माणूस’ म्हणून लोक त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत. चौकशीत तो जराही डगमगला नाही.

“साहेब, रेट चढला की कोण ठाण्याला येत नाही. पडला की सगळ्यांना फसवल्यासारखं वाटतंय बघा. ह्यांचा प्लॉट शेजारचा. एक जागा मी एकालाच दिलोय.”

कागद त्याच्या बाजूने होते. बोर्डवाल्याच्या कागदावर नंबर वेगळा, नकाशाही वेगळा. भाव तर खरंच पडले होते. दिवाणी प्रकरण म्हणून मी हात झटकणारच होतो. आळस होता तो, दुसरं काही नाही.

तरी एकदा जागा बघून येऊ म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काका-काकूंना घेऊन गेलो. धुकं अजून उतरलं नव्हतं. लाल मातीवर त्यांनी हौसेने मारलेल्या चुन्याच्या रेघा पुसट दिसत होत्या. काकू भिंतीची रेघ न ओलांडता वळसा घालून दाराच्या जागेतून आत गेल्या. मीही त्यांच्यामागून दारातूनच गेलो.

“इथं ओटा. पूर्वेला खिडकी, म्हणजे चहा करताना ऊन येईल,” त्या म्हणाल्या. पोलिसाला शोभत नाही, पण त्या धुक्यात मला ती खिडकी दिसली.

शेजारच्या नाचणीच्या शेतातून एक अक्का आमच्याकडे बघत होती. ती कन्नडमध्ये म्हणाली, “ह्या कोपऱ्यातल्या पूजेचा प्रसाद मी चारदा खाल्लाय, सर. दर वेळी मालक नवा.”

भूमिपूजनाला आपल्याकडे ईशान्येला कलश पुरतात. पंच बोलावले आणि तो कोपरा खणायला लावला. एकाखाली एक चार कलश निघाले. भांड्यावर नाव कोरून घ्यायची आपली जुनी सवय. माती झटकली तशी चार वेगळ्या घरांची नावं उजेडात आली. पंचनामा झाला. एजंटपुढे चारही कलश ओळीने मांडले. त्याने पाणी मागितलं आणि मग बोलत सुटला. दर गिऱ्हाइकाला तो नवा नकाशा काढून देई, जागा तीच.

चौघांनीही भटजी बोलावले होते, मोजणीदार एकानेही नाही. भाव पडला तर थांबता येतं, चार वर्षं कळ काढता येते. पण राहतं घर विकून, न मोजलेल्या जमिनीवर सगळं लावलं की थांबायलाही जागा उरत नाही. हे मी त्या प्रकरणात शिकलो.

एजंटला शिक्षा झाली. पैसे मात्र त्याने आणखी जमिनींत गुंतवून बुडवले होते. निकालानंतर मुद्देमाल परत द्यायचा म्हणून काकूंना बोलावलं. सही करून त्यांनी कलश घेतला, पदराने पुसला आणि त्यावरचं नाव वाचलं.

“त्या जमिनीत आमच्या नावाचं एवढंच होतं,” त्या म्हणाल्या.