कोंबड्याच्या मानेची पिसं

मासे धरायची खोटी माशी बांधायला मी मोबाईलवर बघून शिकलो. बारीक गळ, त्यावर दोरा आणि दोऱ्याखाली गुंडाळलेलं एखादं पीस. पाण्यावर पडलं की माशाला तो किडा वाटावा, एवढंच. गळ आणि दोरा मागवता आला. अडलं ते पिसांवर.

भालकीच्या चिकनच्या दुकानातली पिसं पांढरी, मऊ. भिजली की माशी बुडायची. लागतात ती देशी कोंबड्याच्या मानेवरची, अरुंद आणि चमकदार. पीस वाकवलं की त्याचे केस सुटे, ताठ उभे राहायला हवेत. ओठाला लावले तर टोचायला हवेत.

तशी पिसं माझ्या मोठ्या बहिणीच्या कोंबड्याला होती. अक्का खटकचिंचोळीत एकटीच राहते. विटकरी रंगाचा तो कोंबडा दिवसभर तिच्या मागं अंगणात फिरायचा. मी चार पिसं मागितली.

"जित्याची उपटतूस व्हय?" ती म्हणाली. "तुझं केस उपटू का?"

"मग झडलेली ठेव."

तिनं ठेवली, पण मातीत घासून त्यांची टोकं गेली होती. कामाची फार थोडी निघाली.

उन्हाळा लागताना तिचा फोन आला. मुंगसानं कोंबडा मारला होता. मी पोचलो तेव्हा लिंबाखाली खड्डा काढून झाला होता आणि कोंबडा पोत्यावर ठेवलेला होता.

"काय घ्यायचं ते घे," म्हणून ती समोरच बसली.

ती बघत असताना हात चालेना. डोक्याजवळची बारीक पिसं आधी काढली, मग खांद्याकडची लांब. थोड्या वेळानं तीही एकेक उचलून वाकवून बघू लागली.

"हे ताठ हाय. हे न्हाई."

रक्त लागलेली पिसं तिनं कोंबड्याबरोबरच पुरली.

पुढच्या रविवारी मी कारंजा धरणावर निघालो, तर तीही आली. नव्या माशीला एक चिलापी लागली. गळ काढून मी मासा पाण्यात सोडायला वाकलो.

"सोडायचाच हुता तर धरायलास कामून?"

"धरायला बरं वाटतं, अक्का."

माझ्या हातातून मासा घेऊन तिनं पिशवीत टाकला. संध्याकाळी भाकरीबरोबर आम्ही दोघांनी तो खाल्ला. काटे बरेच होते.