दुसऱ्याच्या चुलीवरचा रोग

"या बाईंनी कोंबड्यांना लस टोचून घेतलीच नसणार. मानमोडी आहे. रिपोर्ट लिहून टाका," आमचे साहेब म्हणाले.

त्या बाई, सुभद्राबाई, समोरच उभ्या होत्या. नांदगाव खंडेश्वरहून दोन मेलेल्या कोंबड्या पिशवीत घालून त्या अकोल्याला आमच्या लॅबमध्ये आल्या होत्या.

"मी सोता एकेक कोंबडी धरून टोचून घेतली, साहेब," त्या म्हणाल्या. "मायं पाहून गावातल्या बायाइनंबी टोचली. आता त्या म्हनतात, तुह्या लसीनंच कोंबड्या मेल्या. मी खोटं कायले बोलू?"

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. मी नवा व्हेटरनरी डॉक्टर होतो. मानमोडी म्हणजे रानीखेत रोग. त्याची लस आम्हीच गावोगाव देत होतो. लस देऊनही रोग आला म्हटलं, तर पुढे कुणी आम्हाला दारात उभं करणार नव्हतं.

मी कोंबडीची श्वासनलिका कापली. आत रक्ताच्या चिकट गुठळ्या. रानीखेतमध्ये असं सहसा दिसत नाही. साहेबांकडे आठ दिवस मागितले.

"आणि काही निघालं नाही तर?"

"तुम्ही म्हणाल ते लिहीन."

गुठळ्या वाटून त्यात पेनिसिलिन घातलं, म्हणजे साधे जंतू मरतात. मग दहा दिवस उबवलेली अंडी घेतली. कवचाला बारीक भोक पाडून आतल्या पडद्यावर तो द्राव सोडला, भोक मेणानं बुजवलं आणि अंडी इन्क्युबेटरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी दिव्यासमोर धरून पाहिली. तीन अंड्यांतली पिल्लं मेली होती, बहुतेक माझ्याच सुईनं. ती टाकून द्यायची असतात. माझ्याकडून राहून गेली.

पाचव्या दिवशी सगळी फोडली. जिवंत अंड्यांच्या पडद्यावर पांढरट, फुगीर डाग दाटीनं उठले होते. मेलेल्या तीन अंड्यांचे पडदे पाहिले. वास मारत होते, पण शाबूत होते. त्यांवर एकही डाग नव्हता. द्राव तोच, सुई तीच, ऊब तीच. आत बलक होता, पाणी होतं. नव्हता फक्त जीव.

विषाणू फक्त जिवंत पेशीतच वाढतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं.

रानीखेतचा विषाणू रक्तातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवतो. ती चाचणी केली. पेशी चिकटल्या नाहीत. मग डागाचा तुकडा रंगवून मायक्रोस्कोपखाली धरला. पेशीच्या केंद्रकात लालसर गोळा बसलेला. ही दुसऱ्याच विषाणूची खूण. माणसाला नागीण होते, त्या विषाणूच्या कुळातला हा, कोंबडीच्या श्वासनलिकेत राहणारा. साहेब बराच वेळ स्लाइड पाहत राहिले.

"जीप काढा," ते म्हणाले.

सुभद्राबाईंच्या अंगणात, जमलेल्या बायांसमोर साहेब म्हणाले, "लस चांगली होती. हा रोग वेगळा आहे, याला औषध नाही. चूक माझी झाली."

सुभद्राबाईंनी मान हलवली आणि मला विचारलं, "मंग औषधानं कावून मरत नाही हा?"

मी सांगितलं, "साधा जंतू स्वतः खातो, स्वतः वाढतो. त्याचं खाणंपिणं औषधानं बंद पाडता येतं. याला स्वतःचं काहीच नाही. हा कोंबडीच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच साखरेवर, तिच्याच ताकदीवर आपल्यासारखे हजारो करून घेतो. पेशी मेलेली असेल तर याला काही करता येत नाही."

"म्हंजे घर दुसऱ्याचं, चूल दुसऱ्याची, अन् रांधनारीबी दुसरीच."

"हो."

त्यांनी खुराड्याकडे पाहिलं. "मंग घरच रिकामं ठेवलं तं?"

मी हेच सांगायला आलो होतो. वाचलेल्या कोंबड्या बऱ्या दिसल्या तरी विषाणू त्यांच्यात लपून राहतो. म्हणून त्या नव्या पिल्लांत मिसळायच्या नाहीत. सुभद्राबाईंनी सगळा कळप काढून टाकला, खुराडं चुन्यानं धुतलं आणि दोन महिने उन्हात उघडं ठेवलं. नंतर आणलेली पिल्लं जगली. गावातल्या बायांनी पुढची लसही टोचून घेतली.

मी मात्र तेव्हापासून फॉर्मवरचा रोगाच्या नावाचा रकाना सगळ्यात शेवटी भरत आलो.