हीलरची बाजू

वाद जिंकल्यावर ज्याचा चेहरा पडतो असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. कडेगावाजवळच्या त्यांच्या वस्तीवर तुम्ही गेलात आणि सहज म्हणालात, की यंदा थंडी जरा जास्तच आहे, तर ती कशी कमी आहे हे ते तुम्हाला समजावून सांगतील. तुम्ही भिडेखातर मान डोलावलीत, तर क्षणभर खिन्न होतील आणि सदऱ्याची बटणं चाचपत म्हणतील, "तसं बगाय गेलं तर सकाळची हाय म्हना थंडी." म्हणजे आता तुम्ही नाही म्हणायचं. समोरच्यानं चटकन हार मानली, की जेवायला बोलावून पहिल्याच घासाला ताट काढून घेतल्यासारखं त्यांना वाटतं. माझ्या लग्नात वरात निघायच्या गडबडीत त्यांनी बँडवाल्याला गाठलं आणि सनई थोर की क्लॅरिनेट थोर हा विषय काढला. बँडवाला बिचारा क्लॅरिनेटवाला. "तुमचं बरोबर हाय, साहेब, सनईच थोर," म्हणून तो सुटू बघत होता, तर दाजी त्याच्यामागून मंडपाबाहेरपर्यंत गेले, क्लॅरिनेटची बाजू त्यालाच समजावून देत. वरात थांबली होती ती त्यासाठी, हे मला सासरच्या मंडळींनी बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

दाजी पलटणीतून निवृत्त झालेले. आमच्या भागात हे काही विशेष नाही, घराआड एक फौजी सापडतो. पण दाजींनी सगळी नोकरी रेशनचा ट्रक चालवण्यात घालवली, आणि ही गोष्ट लपवायची सोडून ते तिचाच झेंडा मिरवतात. गावातलं कुणी विचारलं, "दाजी, दुश्मन किती मारलं?" तर म्हणणार, "एक बी न्हाई. बटाटं पोचवलं." मग ऐकणारा हसला, की त्याला बसवून घेऊन विचारणार, "तोफंपशी बसल्याला सकाळी उठल्या उठल्या काय लागतंय? गोळा लागतोय का च्या लागतोय?"

वादात त्यांना पुरा पडणारा एकच माणूस होता, तो म्हणजे माझी थोरली मेव्हणी, अक्का. दारातल्या पेरूची गोडी जमिनीमुळं आहे की अक्का त्याच्या बुडात ओतत असलेल्या भांडी धुतलेल्या पाण्यामुळं, यावर दोघांचा वाद आम्ही पाहुणे म्हणून जायचो तेव्हाही चालू असे आणि निघायचो तेव्हाही. अक्का पीठ मळत बोलायच्या. हात पिठात असल्यामुळं त्यांना हातवारे करता यायचे नाहीत, पण आवाजाला अडचण नव्हती. त्यांनी कधी हार मानली नाही, आणि दाजी रोज संध्याकाळी हरल्या-जिंकल्याशिवाय, अगदी तृप्त होऊन जेवायला बसायचे. अक्का थोड्याशा आजारानं गेल्या. दिवस घालून झाल्यावर आम्ही निघालो, तेव्हा दाजी पेरूखाली उभे होते. मला म्हणाले, "पान्यामुळंच गोड हाय, पावणं. तिचंच खरं हुतं." यावर पुढं काही बोलायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.

एकुलता मुलगा सुहास कॅनडात. तो दर रविवारी न चुकता फोन करायचा, पण बाप-लेकांचं फोनवरचं बोलणं म्हणजे तारखात्याची तार. "पप्पा, जेवला का?" "जेवलो. तू?" "मी उठलोय आत्ता. तब्येत?" "हाय." मग दोघंही थोडा वेळ दोन देशांतली शांतता ऐकायचे आणि फोन ठेवायचे. सुहासला ते टोचत असलं पाहिजे. एका दिवाळीला तो आला तेव्हा त्यानं आपला जुना कॉम्प्युटर पुसून माजघरात मांडला आणि त्यावर एक खेळ घातला. त्यात जादूचं राज्य आहे, जंगल, राक्षस, पाताळ सगळं आहे, आणि जगभरातली माणसं आपापलं सोंग घेऊन त्यात हिंडतात. चार-पाच जणांनी मिळून मोहिमेवर जायचं. आपण कुठल्या जातीचा वीर व्हायचं ते आधी ठरवावं लागतं, त्याला ते 'क्लास' म्हणतात. तलवारवाला, धनुष्यवाला, जादूगार आणि हीलर. हीलर म्हणजे जखमी गड्याला मंत्र म्हणून बरा करणारा.

"पप्पा, तुम्ही तलवारवाला घ्या," सुहास म्हणाला. "नव्या माणसाला सोपा पडतो."

"ह्यो काठीवाला कोन हाय?"

"तो हीलर. तो नको. त्याच्या अंगावर चिलखत नाही, दोन फटक्यांत मरतो. हातात नुसती काठी, त्यानं उंदीर मरायचा नाही. मंत्राची शक्ती संपली की बसून राहायचं. आणि मोहीम फसली की सगळे त्यालाच बोलतात."

"आन ह्यो नसला तर?"

"नसला तर बाकीचे मरतात. पण पप्पा, एकट्याला तो काही कामाचा नाही."

"एकट्यानं खेळायचंय कुनाला?" दाजी म्हणाले आणि त्यांनी काठीवाला घेतला.

त्या दिवाळीपासून बाप-लेकांचे रविवार बदलले. इकडची रविवारची संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. दाजी चार वाजल्यापासून तयारीत. दाढी करून, कानाला ते बोलायचं यंत्र लावून खुर्चीत ताठ बसायचे, जणू ट्रकच घेऊन निघालेत. मी एकदा मागं बसून पाहिलं. मोहीम राक्षसावर निघाली होती. दाजी वाटेत भेटेल त्याला बरं करत होते. ओळख ना पाळख, कुठला तरी जादूगार खरचटून उभा दिसला की लावलाच मंत्र. खेळात शोभेला म्हणून एक शेतकरी उभा केला होता, तो कधी जखमी होत नाही आणि बोलतही नाही, पण दाजींनी त्यालाही मंत्र लावला आणि त्याच्या रानात शिरले. "पीक बरं हाय," म्हणाले, "पर तन काढलं न्हाई." पलीकडून सुहासचा आवाज, "पप्पा, मी मरतोय." "आलो, आलो. जरा दम धर." एवढ्यात सुहासचा तलवारवाला पडला, मग बाकीचे पडले आणि सगळे दाजींना बोलू लागले. दाजी फौजेच्या हिंदीत म्हणाले, "भागके आगे कौन गया था? सामान पीछे है तो रुकना मंगता है." आणि तिथून पुढचा तासभर खेळ राहिला बाजूला, हीलर थोर की तलवारवाला थोर यावर बाप-लेकांचं जुंपलं. तलवारवाला एकटा किल्ला घेतो, हीलर घेऊ शकत नाही, हा सुहासचा मुद्दा. घेतलेला किल्ला राखायला माणसं जिवंत लागतात, हा दाजींचा. फोनवर "तब्येत? हाय" करणारी तीच ही माणसं. मला वाटतं सुहासनं खेळ आणला होता तो याच तासासाठी.

आठवडाभर पुढच्या रविवारची शिदोरी जमवण्यासाठी दाजी तो वाद गावात नेत. कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारत, "समजा, चार जन लढाईला निघालेत, आन त्यात एक औषिदवाला हाय." म्हाताऱ्यांना वाटलं, ही पलटणीतलीच हकिगत. दोन तट पडले. एकजण म्हणाला, औषधवाल्याला बंदूक द्यायला पाहिजे. दुसरा म्हणाला, दिली तर तो औषध द्यायचा न्हाई. एका आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवं, पर त्यो गडी कुठल्या गावचा?" न्हाव्यानं तलवारवाल्याची बाजू धरली म्हणून दाजी मुद्दाम त्याच्याकडं आधीपेक्षा लवकर लवकर केस कापून घ्यायला जाऊ लागले. शेवटी डोक्यावर कापायला काही उरेना.

मग सुहासला मुलगी झाली. पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले. दाजींनी व्हिडिओवर नातीचं नाक कुणाचं यावर सुनेशी थोडा वाद घालून पाहिला. पण लहान बाळ घरात असलेल्या माणसाला रविवारची सकाळ कसली. सुहास आधी उशिरा येऊ लागला, मग अधूनमधून येईना, मग येईनासाच झाला. सोबतचे इतरही पांगले. दाजींनी खुर्ची सोडली नाही. मी एका रविवारी गेलो तर त्यांचा काठीवाला खेळातल्या वेशीपाशी उभा होता, जिथं ते दोघं भेटायचे तिथं. थोडा वेळ वाट पाहून तो एकटाच जंगलाकडं निघाला. रानडुकरानं त्याला पाडला. पुन्हा वेशीपाशी जिवंत झाला, पुन्हा निघाला, पुन्हा पडला. "लेकराचं करायचं का आपलं ह्ये बगायचं त्यानं," दाजी माझ्याकडं न बघता म्हणाले. "बराबर हाय त्याचं."

गेल्या सुट्टीत सुहास बायको-मुलीला घेऊन आठवडाभर आला. दाजींनी घराला रंग दिला, नातीसाठी दारातल्या झाडाला झोका बांधला. पहिले काही दिवस नातीच्या कौतुकात गेले. ती झोपली की मात्र बाप-लेक समोरासमोर बसून पुन्हा तारा करू लागत. आम्हीही तेव्हा तिथं होतो. शेवटच्या दुपारी सामान बांधून झालं आणि दाजींनीच विषय काढला. "सुहास, त्यो नवा किल्ला आलाय म्हनं. हीलरशिवाय घेऊन दाव."

सुहास थकला होता. रात्रभर मुलीनं जागवलं होतं, आणि समोर तो लांबचा प्रवास. त्यानं वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि फार मायेनं म्हणाला, "नाही घेता यायचा, पप्पा. मी उगाच भांडायचो. हीलरच भारी. तुमचंच पहिल्यापासून बरोबर होतं."

त्याला ते बापाला दिलेलं देणं वाटलं असणार. दाजी हसले. सदऱ्याच्या बटणांवर त्यांची बोटं फिरली. "तसं न्हाई," ते म्हणाले, "तलवारवाल्याचं बी हाय की कायतरी." सुहास म्हणाला, "हो, तेही आहेच." मग गाडी आली. मुलीला मागच्या सीटवर बसवताना सुहासचे डोळे भरून आले होते, तेही मी पाहिलं. दोष कुणाला द्यावा असं त्यात काहीच नव्हतं.

महिन्याभरानं मी साताऱ्याहून मुद्दाम एकटाच गेलो. वस्तीवर शांत होतं. उसाला पाणी सोडलेलं, त्याचा आवाज येत होता. दाजी माजघरात कॉम्प्युटरसमोर, पण कानाला यंत्र नव्हतं. पडद्यावर काठीवाला दिसेना. चिलखत घातलेला एक आडदांड गडी तलवारीनं रानडुकरं कापत चालला होता, एकामागून एक, कुणाची वाट न बघता.

"क्लास बदलला?" मी विचारलं.

"नवा केला. ह्यो बरा पडतोय. कुनाची गरज लागत न्हाई." त्यांनी आणखी एक डुक्कर पाडलं. "सुहासला फोनवर म्हनलं, हीलर काय कामाचा न्हाई. तर म्हनला, पप्पा, तुमाला आवडंल त्ये खेळा." मग पुढच्या डुकरामागं जात म्हणाले, "लय गुनाचं पोरगं."

त्यांनी उठून चहा ठेवला. आम्ही चहा घेतला. दाजींच्या घरी वाद न होता चहा संपल्याचं मला आठवत नव्हतं. कप खाली ठेवून ते पुन्हा खुर्चीत बसले आणि जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, "शेवटी तलवारवालाच खरा, पावणं."

मी त्या खेळात कधी पाऊल ठेवलेलं नाही. तलवार कुठल्या बटणानं चालते हेही मला माहीत नाही. आणि इतक्या वर्षांत दाजींच्या कुठल्याही वादात मी बाजू घेतलेली नव्हती. कुंपणावर बसून ऐकण्यातच मजा असायची.

"मला नाही पटत," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. चिलखतवाला जंगलात तसाच उभा राहिला.

"का न्हाई पटत?"

"हीलर नसला तर चालत नाही."

"पर का चालत न्हाई? कारन सांगा की." त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली आणि पायानं दुसरी पुढं ओढली. "बसा. उगं म्हनायचं म्हनून म्हनू नगासा."

मी बसलो. माझ्यापाशी सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं, आणि कराडला जाणारी माझी गाडी थोड्या वेळात सुटणार होती. पण तिच्यामागून आणखी एक असते, असं मी ऐकून होतो.