अन्वी सायकलवरून पडली, त्याला आज वर्ष झालं

माझ्या मुलीला कोणत्याही गाडीने उडवलं नाही.

हे आधीच लिहितो. कारण वर्षभर जो भेटतो तो हेच विचारतो. "ट्रक होता का? ट्रॅक्टर होता का?"

काहीच नव्हतं.

नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्यावर छोट्या पुलाजवळ गिट्टी सांडली होती. चाक घसरलं. अन्वी पडली. डोकं सिमेंटच्या कठड्यावर आपटलं.

सात वर्षांची होती. दुसरीत.

आणि ती उठली. सायकल हाताने ढकलत घरी आली. सोबत शेजारची रिया होती, तिची जिवाची मैत्रीण.

"काई नाई झालं बाबा," म्हणाली.

रक्त नव्हतं. डोक्याला मागे एक टेंगूळ, बस. पाणी प्यायली. मग एक उलटी झाली. म्हणाली, झोप येऊन राहिली.

कविता, माझी बायको, म्हणाली, "दवाखान्यात नेऊ जी."

मी म्हणालो, "झोपू दे. उन्हात खेळून थकली."

हे वाक्य माझं आहे. ते मी कुणावर ढकलत नाही.

तासाभराने हाक मारली, तर उठेना. तिरोड्याला नेलं, तिथून गोंदियाला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "बच्ची ने हेलमेट पहना था?"

मी नाही म्हटलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्वी, आमची अनू, गेली.

आता हे ऐका. मी पॉवर प्लांटमध्ये फिटर आहे. इतक्या वर्षांत एक दिवसही हेल्मेटशिवाय गेटच्या आत पाऊल टाकलं नाही.

अनूने एकदा माझं पिवळं हेल्मेट डोक्यावर ठेवून विचारलं होतं, "तुले काऊन? अन् मले काऊन नाही?"

मी हसलो होतो. "तुया डोक्यावर काय लोखंड पडते का?"

महिना गेला. मग एक दिवस उठलो आणि ठरवलं. आमच्या गल्लीतलं एकही पोरगं उघड्या डोक्याने सायकलवर बसणार नाही.

गोंदियाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "बच्चों का हेलमेट? यहाँ कौन लेता है भैया!" ऑर्डर देऊन सहा मागवली. गल्लीत सायकल चालवणारी पोरं सहाच.

पहिल्या आठवड्यात काय झालं सांगतो.

दोघांनी हेल्मेट हँडलला लटकवलं. एकाने त्यात बोरं गोळा करून आणली. रियाच्या दोन वेण्या वर बांधलेल्या, हेल्मेट बसेना. ती रडली.

कविता तेव्हा घराबाहेर निघत नव्हती. पण रियाचं रडणं ऐकून ती आली. ओट्यावर बसली, रियाच्या वेण्या सोडल्या, खाली मानेजवळ बांधल्या. हेल्मेट घातलं. हनुवटीखालचा पट्टा लावून त्यात दोन बोटं घालून पाहिली, ना सैल ना घट्ट.

"जा आता," म्हणाली.

त्या दिवसापासून रोज शाळेच्या वेळी कविता ओट्यावर आणि मी गल्लीच्या तोंडाशी. माझी ड्यूटी असली की ती एकटी.

लोक हसले. रियाचा बाप प्रशांत तर चिडलाच.

"आमी काय लहानपणी हेल्मेट घालून सायकल चालवली? तुयं दुःख समजते मले. पण पोरायले कायले भेव दाखवून राहिला?"

मी म्हणालो, "भेव नाही दाखवत. पट्टा लावतो."

"रिया नाही घालणार."

"मग रिया चालत जाईल शाळेत."

पंधरा दिवस तो मला बघून वाट बदलायचा. पोरं मात्र रोज एकच म्हणत, "पप्पा तं मोटरसायकलवर घालत नाही."  मीही प्लांटच्या बाहेर घालत नव्हतो. बाईकचं हेल्मेट घरी खुंटीला असायचं.

ते काढलं. दुधाच्या पाकिटासाठी चौकात जातानाही घालू लागलो. पोरं बघत होती.

मग एका रविवारी प्रशांत रियाला घेऊन मामाच्या गावी निघाला. रिया बाईकजवळ उभी. आपलं हेल्मेट घालून. बसेना.

"पप्पा, तुमचं कुठं हाय?"

"बस ना बेटा, उशीर होऊन राहिला."

"नाही. पहिले तुमचं."

अख्खी गल्ली बघत होती. प्रशांत घरात गेला. कुठून तरी धूळ खाल्लेलं हेल्मेट काढलं, बनियनने पुसलं, घातलं. माझ्याकडे न बघता गेला. पण घालून गेला.

मागच्या महिन्यात रिया पडली.

नहरावर नाही, शाळेच्या उतारावर. डोक्यावरच पडली. हेल्मेटला हातभर... नाही, खोटं कशाला लिहू, बोटभर चीर गेली. प्रशांत म्हणाला, "ठीक हाय ते, खेळून राहिली." मी त्याचं ऐकलं नाही. दोघांना बाईकवर बसवून तसंच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तपासलं, काही वेळ बसवून ठेवलं. काहीच झालं नव्हतं. प्रशांतने माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

खरं सांगू? मला आनंद झाला. आणि त्याच क्षणी त्याचा इतका हेवा वाटला की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

आज मागच्या गल्लीतल्या चार आया कविताकडे आल्या होत्या. त्यांच्याही पोरांसाठी मागवायची आहेत. उद्या गोंदियाला जातो.

माझ्या मित्रांनो, या पोस्टखाली RIP लिहू नका. हात जोडतो. तुमच्या पोराचा हेल्मेट घातलेला फोटो टाका. नसेल, तर घेऊन या आणि मग टाका. मी वाट बघतो.

आणि पोरगं पडलं, उलटी झाली, झोप येते म्हणालं, तर झोपू देऊ नका. लगेच दवाखान्यात न्या.

अनू बेटा, तू निवांत राहा.

इथलं आम्ही बघतो.