डावा किती, उजवा किती

मापताई माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघते. आधी पाय. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले ती फेरीवाल्यांच्या अर्जावर सही मागायला. मी तावातावाने बोलत होते आणि ही बाई माझ्या बुटांकडे टक लावून बसलेली. माझं संपल्यावर म्हणाली, "सही करते. पण तुझा उजवा पाय मोठा आहे आणि तू बूट घेतेस डाव्याच्या मापाचे. म्हणून एवढी चिडतेस."

तिने शिवलेले बूट घातले आणि माझी बोटं दुखायची थांबली. चीड राहिली. ती बुटांमुळे नव्हतीच.

जिन्याखालच्या एका खोलीत ती तीस वर्षं बूट शिवतेय. एक खिडकी, एक बुटका पाट, चामडं तासायची रापी, भोकं पाडायची आरी, आणि भिंतीवर टांगलेले लाकडाचे पाय. गिऱ्हाईक आलं की त्याला कागदावर उभं करायचं आणि पेन्सिल फिरवायची. डाव्याभोवती वेगळी, उजव्याभोवती वेगळी. "दोन्ही पाय सारखे असलेलं माणूस मला अजून भेटायचंय," ती सांगते. दोन पायांना दोन वेगळी मापं, ही तिची सगळी विद्या. नावही त्यावरूनच पडलं.

मग समोर उड्डाणपूल झाला आणि रस्त्यावरची सगळी वर्दळ वरून जायला लागली. वरून जाणाऱ्याला जिन्याखालची खोली काय दिसणार? आम्ही पुलाविरुद्ध आवाज केला, पूल उभा राहिलाच. त्यातच बुटांच्या एका कारखान्याने ताईला बोलावलं. चालत्या पट्ट्यावर बुटांचे तळ चिकटवायचे, दिवसभर एकच माप. महिनाअखेर उत्तर हवं होतं.

तिच्या भाचीने हट्ट धरला, "मावशी, आपण ऑनलाइन दुकान काढू."

ताईने तिथल्या तिथे अट घातली. "मी कधी पाहिलं नाही अशा एका तरी माणसाने महिना संपायच्या आत 'बूट बसला' असं कळवलं, तर मी इथेच. नाहीतर पट्ट्यावर."

आठवड्यात दुकान तयार झालं. रविवारी सकाळी आम्ही तिघी पाटाभोवती बसलो आणि भाचीने अभिमानाने फोन पुढे केला. दुकान उघडलं आणि जत्रेत शिरल्यासारखं झालं. रंगीत चाक गरगर फिरायला लागलं. वर उलटं घड्याळ सेकंद मोजत होतं. खालून एक बाहुली उगवली आणि म्हणाली, 'मी पिंकी! कशी मदत करू?'

"ही कोण भवानी?" ताई म्हणाली.

"यंत्र आहे गं. गिऱ्हाइकाशी बोलतं. दुकानाला जोडायची अशी आठ अ‍ॅप्स घेतलीत मी. सगळे लावतात."

तेवढ्यात कोपऱ्यात ओळ आली: 'आत्ता सोळा जण हा बूट बघत आहेत.'

ताईने दाराबाहेर डोकावून पाहिलं. "सोळा? बोलव की आत. सतरंजी घालते."

"खरे नसतात गं ते. आकडा आपोआप येतो."

मग मात्र माझं डोकं सटकलं. "म्हणजे धडधडीत खोटं! आणि हे 'फक्त एकच जोड शिल्लक'? इथे शिलकीत एकही जोड नसतो, माप आल्याशिवाय ही बाई चामड्याला हात लावत नाही!"

"पुढारीणबाई, सभा नंतर," ताई म्हणाली. "भाचे, एकेक दाखव. मी एकच विचारणार. हे पाय बघतं का?"

चाक पाय बघत नव्हतं. गेलं. घड्याळ गेलं. सोळा जण गेले. 'एकच जोड शिल्लक' गेलं. पिंकीला ताईने स्वतः विचारून पाहिलं, "माझा अंगठा वाकडा आहे, काय करू?" पिंकीने तिला लाल रंगातले बूट दाखवले. पिंकीही गेली. 'हा बूट घेणाऱ्यांनी तो बूटही घेतला' सांगणारं अ‍ॅप होतं, तेही गेलं, कारण अजून कोणीच काही घेतलं नव्हतं. भाचीचा चेहरा एवढाएवढासा होत चालला.

उरली दोन. एकात गिऱ्हाइकाला स्वतःहून काही भरता यायचं: दोन चौकटी, डावा किती, उजवा किती, आणि खाली पायाच्या आखणीचा फोटो जोडायची जागा. दुसरं, पार्सल कुठवर पोचलं ते सांगणारं. "हे पायाला बघत नाही," ताई म्हणाली, "पण मला झोप लागेल. असू दे."

चौथ्या दिवशी मागणी आली. लांबच्या शहरातली एक नर्स. लिहिलं होतं, 'दिवसभर उभी असते. एका बुटात कापूस कोंबून बारा वर्षं काढली.' चौकटी रिकाम्या, पण फोटो झकास. एका कागदावर दोन्ही पाय, उजवा चांगला बोटभर मोठा, शेजारी मोजपट्टी ठेवलेली. ताईने फोटो तीनदा पाहिला आणि कामाला लागली. पाच दिवसांनी जोड गेला.

निरोप आला. 'बूट फार देखणे आहेत. पण मोठा बूट लहान पायाला आलाय.'

ताई पाटावर बसून राहिली. "तीस वर्षांत डावा-उजवा चुकले नाही मी."

"त्या बाईलाच डावा-उजवा कळत नसेल!" मी म्हणाले.

"गप. बारा वर्षं कापूस कोंबणारीला माहीत असतं कुठे कोंबायचा ते."

भाची फोटो मोठा करकरून बघत होती. एकदम ओरडली, "मावशी, ही मोजपट्टी बघ! आकडे उलटे आहेत!"

खरंच की. एक ते तीस, सगळे आरशातल्यासारखे. आम्ही तिघींनी मोजपट्टीवरच्या रेघा मोजल्या होत्या, आकड्यांकडे कोणी पाहिलंच नव्हतं. नर्सला फोन लावला तर ती खो खो हसायला लागली. "अहो, फोनचा मागचा कॅमेरा फुटलाय. सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढला मी!" त्या कॅमेऱ्याने फोटो उलटा ठेवला, आणि तिचा मोठा डावा पाय आमच्याकडे येईपर्यंत मोठा उजवा झाला.

भाची लगेच म्हणाली, "फोटो ओळखून सरळ करणारं एक अ‍ॅप आहे, मावशी..."

"अ‍ॅप ठेव बाजूला. गिऱ्हाइकांना सांग, अंगठ्याशी पेनाने डावा-उजवा लिहा. अक्षरं उलटी दिसली की फोटो उलटा. आणि त्या दोन चौकटी भरल्याशिवाय मागणी पुढे सरकायला नको. होतं का तसं?"

होतं. भाचीने दोन मिनिटांत केलं.

महिन्याचे नऊ दिवस उरले होते. ताईने चार दिवसांत नवा जोड शिवला. पाचव्या दिवसापासून पार्सल सांगणाऱ्या अ‍ॅपने आमच्या गल्लीला वेड लावलं. इस्त्रीवाला येता-जाता विचारायचा, "कुठवर पोचला?" किल्ल्या बनवणारा सांगायचा, "काल गोदामात होता, आज गाडीत चढला." जसा काही सगळ्यांचा जावईच निघालाय.

तीस तारखेला दुपारी नर्सने व्हिडिओ पाठवला. दवाखान्याचा लांबच लांब बोळ, आणि त्यात फक्त दोन पाय चालत येत होते. टक टक टक. अर्ध्यावर आल्यावर त्या बाईने चक्क उडी मारली. मागून आवाज आला, "बसला! दोन्ही बसले!" ताईने तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते मी मोजलं नाही. तिच्या भाचीने तिला घट्ट मिठी मारली, आणि मी, मोर्चात पोलिसांसमोर न रडलेली बाई, खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

संध्याकाळी कारखान्याच्या साहेबांचा फोन आला. ताईने स्पीकर लावला.

"मग, एक तारखेपासून येताय ना?"

"नाही जमणार साहेब. हातात काम आहे. त्या नर्सच्या वॉर्डातल्या बायकांनी मापं पाठवलीत. अकरा बूट करायचेत."

"अकरा? सहा जोड म्हणा की, बाई. अकरा कसे होतील?"

"अकराच. एकीला डावा पायच नाही. तिने डाव्याच्या चौकटीत शून्य लिहिलं आणि विचारलं, एकटा बूट मिळेल का? आजवर तिला प्रत्येक दुकानाने जोडच घ्यायला लावला."

ताईने फोन ठेवला, खिडकीतून आलेल्या उजेडात कागद सरळ केला आणि भाचीला म्हणाली, "तिचाच आधी करते. उजवा किती लिहिलाय, वाच."