सरांची प्रस्तावना

अकरा कथांची थप्पी घेऊन मी नागपूरच्या एका प्रकाशकाकडे गेली, तर त्या भल्या माणसानं एक पान उलटायच्या आधीच विचारलं, "प्रस्तावना कोणाची?" मी म्हटलं, अजून कोणाचीच नाही. "मग आणा ना. नवीन माणसाचं पुस्तक प्रस्तावनेशिवाय कोण हातात घेते?" चार वर्षं घासून लिहिलेल्या कथा, अन् याले पाहिजे कोणाची तरी शिफारस. अर्जावर सरपंचाची सही लागते तशी.

मी सौंसरची, महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडच्या हिंदी मुलखातली. रामाकोन्याजवळच्या एका शाळेत अतिथी शिक्षक आहे, म्हणजे दिवसभर पोरांले हिंदी शिकवते अन् घरी येऊन मराठीत लिहिते. घरी कापूस अन् संत्रा. बाबांच्या मते लिहिणं म्हणजे रिकामे धंदे. "लिहून लिहून कोणाचं भलं झालं बाप्पा?" हे त्यांचं ठरलेलं. मले बक्षीस नको होतं, पेपरात फोटो नको होता. बाबांनी एकदा माझं पुस्तक हातात घ्यावं, वाचावं, अन् पोरगी काहीतरी करून राहिली असं त्यांले वाटावं, एवढंच पाहिजे होतं. त्याच्यासाठी मी पांढुर्ण्याच्या सरांची पायरी चढली.

सर म्हणजे रिटायर झालेले मराठीचे प्राध्यापक. आमच्या भागात मराठी पुस्तक निघालं की प्रस्तावना त्यांची, अध्यक्ष ते, शालही त्यांच्याच खांद्यावर. बैठकीत कपाट भरून मोमेंटो. सर मांडीवर पन्नी घेऊन सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसायचे अन् बोलता बोलता मान वाकडी करून खिडकीतून पिचकारी मारायचे. खिडकीखालच्या भिंतीवर ओघळ वाळून काळे पडले होते. त्याच खिडकीत चहाचा कप ठेवायचे, अन् तो मले "घे बेटा" म्हणून द्यायचे. मी श्वास रोखून प्यायची.

सहा रविवार बसचे धक्के खात गेली मी. दर खेपेले त्यांची शुगर, त्यांचे सत्कार, त्यांच्याशिवाय कसं कोणाचं पान हलत नाही ते. माझे कागद कपाटावर पडलेले. मी त्यांले सुताची दुहेरी गाठ मारून दिली होती. सहाव्या रविवारीही गाठ तीच, वर धूळ तेवढी वाढली. या माणसानं एक कथा वाचली नव्हती.

सातव्या रविवारी सर म्हणाले, "बेटा, डोळ्यांनी आता होत नाही. असं कर, प्रस्तावना तूच लिहून आण, मी सही करतो. सगळे असंच करतात." अन् वरून हसले. "लाजू नको हो. मोकळ्या हातानं लिही."

तवाच कागद उचलून घरी यायले पाहिजे होतं. नाही आली. हे सांगतानाही लाज वाटते, पण नाही आली.

शाळेत परीक्षा चालू होती. पोरं पेपर लिहून राहिली होती अन् मी टेबलावर बसून माझीच तारीफ लिहून राहिली होती. 'मातीचा गंध' लिहिलं. 'ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण' लिहिलं. 'उद्याची आशा' पण लिहिलं. शी! अंगावर पाल पडल्यासारखं झालं. पण मधातच काय झालं कोण जाणे, हात भलतंच लिहून गेला: 'या मुलीच्या घरात तिच्या लिहिण्याला कोणी काम म्हणत नाही. भाकरी टाकून झाल्या की ती चुलीपुढेच बसून लिहिते, आणि कोणाची चाहूल लागली की वही पिठाच्या डब्यामागे लपवते. तिला शाबासकी नको आहे. काय लिहिलंस, एवढं कोणी विचारलं तरी तिला पुरे.' माझ्या स्वतःच्या नावानं हे मी मेली तरी लिहिलं नसतं. दुसऱ्याची सही होती म्हणून लिहिलं.

सरांनी त्याच्याखाली आपल्या चार पुरस्कारांची नावं टाकली अन् सही केली. "वाचलं का सर?" मी विचारलं. "तुझ्यावर विश्वास आहे बेटा," म्हणाले.

पुस्तक आलं. बाबांनी हात धुतले, चष्मा लावला अन् ओसरीवर बसून पहिल्या पानापासून बोट ठेवून मोठ्यानं वाचायले लागले. मी आतमध्ये कणीक मळून राहिली होती. पिठाच्या डब्याच्या ओळीपाशी आले तसे ते थांबले. पुन्हा तेच वाचलं. मग आईले हाक मारली, "अवं, इकडं ये. आयक हे." तिसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज फाटला.

"त्या सरांले कसं समजलं वं हे?" मले म्हणाले. "आम्हाले एका घरात राहून दिसलं नाही, अन् त्या देवमाणसाले पांढुर्ण्यात बसून दिसलं!"

"बाबा, ते..." मी सुरू केलं. पण माझा बाप रडून राहिला होता. आजपर्यंत कधी पाहिला नव्हता रडताना. मी कणकेचे हात घेऊन तशीच उभी राहिली.

कथा? "त्या वाचतो निवांत," म्हणाले. अजून निवांत झाले नाहीत.

पुढच्या रविवारी त्यांनी बगिच्यातला एकेक संत्रा पारखून तोडला, थैला भरला, इस्त्रीचा सदरा घातला अन् मले म्हणाले, "चाल." सरांच्या बैठकीत थैला ठेवला, अन् सरांहून वयानं मोठा असलेला माझा बाप वाकला अन् त्यांच्या पायांले हात लावला. "सर, माह्या पोरीले तुम्ही ओळखलं."

सरांनी पाय मागे घेतले नाहीत. तोंड खर्र्यानं भरलेलं. मान वळवून खिडकीतून थुंकले, धोतराच्या सोग्यानं ओठ पुसले अन् म्हणाले, "अहो, जे मनाला भिडलं तेच लिहिलं मी. एकेक शब्द आतून आला." माझ्या डोळ्यात डोळे घालून म्हणाले. पापणीही हलली नाही.

बाबा माझ्याकडे वळले. "अवं, उभी काहून राहिली? पाया पड सरांच्या."

मी पडली.