सिस्टरांचा मोतीबिंदू

स्वतःचे इतके हाल करून घेणारी आणि तरीही इतकी खूश असणारी बाई आमच्या वरसे गावातच काय, अख्ख्या रोहा तालुक्यात सापडायची नाही. आमच्या शेजारच्या सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, एकट्या राहणाऱ्या आणि पक्क्या ख्रिस्ती. माणसानं स्वतःला नाकारावं, ही शिकवण त्यांनी अशी काही मनावर घेतलीय की प्रत्यक्ष प्रभूलाही अवघडल्यासारखं होत असेल. भर वैशाखात पंखा बंद. का, तर "प्रभूला कुठं पंखा होता?" मासळी आणली की मधले तुकडे आमच्याकडे आणि शेपट्या त्यांच्या ताटात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर दरवर्षी एखादी आवडती गोष्ट सोडायची. एका वर्षी पेणचे पोह्याचे पापड सोडले. घरातलं पाकीट मला आणून दिलं, आणि मी तळायला घेतले की बाई खिडकीशी हजर! "खायाचं सोडलंय गो, वास नाय सोडलेला." पुढच्या वर्षी दुपारची झोप सोडली. स्वतः जाग्या, म्हणून मदतीला माझ्याकडे. माझे तांदूळ निवडून झाले, कपाट आवरून झालं, आणि मी हिंदू बाई जांभया देत ईस्टरची वाट बघत बसले.

गंमत होती तोवर ठीक होतं. पण मग सिस्टरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. पेणच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा नंबर दिला, तो बाईंनी निडीच्या एका भाजीवालीला देऊन टाकला. पुन्हा मिळाला, तो एका म्हाताऱ्या चाचींना. "तिचा मुलगा गल्फातून येतोय, त्याचं तोंड नको बघायला? मला काय बघायचंय?" इकडे बाई दारातल्या झाकलेल्या स्कूटरला माणूस समजून सलाम करत होत्या! शेवटी डॉक्टरांनी तिसऱ्यांदा नंबर दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, आता उशीर केलात तर नजर हातची जाईल.

मी तडक त्यांच्या घरी गेले.

"सिस्टर, शेजाऱ्यावर स्वतःइतकंच प्रेम करायचं, असं तुमच्यातच सांगितलंय ना?"

"व्हय."

"मग मला मोतीबिंदू झाला असता, तर माझाही नंबर वाटून टाकला असतात?"

"येडी का काय? खेचत नेली असती तुला!"

"मग स्वतःला का नाही नेत? हे स्वतःइतकं कुठं झालं?"

  सकाळी बघते तर सिस्टर पिशवी घेऊन माझ्या दारात उभ्या!

पेणला जाणारी गाडी निडीला थांबली तशा उतरायला उठल्या. नागोठण्याला पुन्हा उठल्या. "माझ्यापेक्षा गरजू कुणीतरी असंल गो," म्हणत होत्या. कासूला मी त्यांचा पदर घट्ट धरूनच बसले.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. हात धुवायला म्हणून बेसिनपाशी गेल्या आणि समोरच्या आरशात बघतच राहिल्या.

"ही कधी एवढी वाळली गो?" गालावरून हात फिरवत म्हणाल्या. "जन्मभर पेशंटांची विचारपूस केली मी. हिला एकदा पण नाय विचारलं, बाय, तू जेवलीस का?"

मला रडूच आवरेना. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "रडू नको. चल, हिला आधी कायतरी खायाला घालू."